साडेचोवीस रुपये : गिरणगावातील प्रसूतिरजेचा इतिहास

#धागा

दर वर्षी एप्रिल महिना उजाडला की एक चित्र फिरू लागते. निळ्या पार्श्वभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे छायाचित्र आणि खाली एकच ओळ : भारतीय स्त्रीला प्रसूतिरजा मिळाली ती यांच्यामुळे. मग प्रतिक्रियांत दोन तट पडतात. एक तट कृतज्ञतेने हात जोडतो, दुसरा "पुरावा दाखवा" म्हणत अंगावर धावून येतो. दोन्ही तटांत माझे मित्र आहेत आणि दोघांनीही मूळ कागद पाहिलेला नाही, असे मी जरा धीटपणे म्हणते. गेल्या वर्षी प्रबंधाच्या निमित्ताने मुंबई सरकारच्या जुन्या 'लेबर गॅझेट'चे खंड चाळावे लागले, तेव्हापासून या विषयावर सविस्तर लिहायचे मनात होते. धागा लांबलचक होणार आहे, सवडीने वाचावा.

आरंभ रविवारपासून करावा लागतो, कारण रजा ही कल्पनाच गिरणीत उशिरा आली. मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला उभारावयास घेतली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढील तीन-साडेतीन दशके गिरणीतील माणसाला आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सणावाराला गिरणी बंद राही, यंत्र साफ करण्यासाठी बंद राही, कापूस संपला तर बंद राही. माणूस दमला म्हणून कधी बंद राहात नसे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सुट्ट्यांची तरतूद केली ती फक्त बालकामगारांसाठी. सत्यशोधक परंपरेतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधू'तून आणि सभांतून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढील वर्षीच्या कारखाना कायद्याने त्या तत्त्वाला कायद्याचे रूप दिले. रविवार हा खंडोबाचा वार म्हणून लोखंड्यांनी तो मागितला, अशी हकीकत सर्वत्र सांगितली जाते आणि ती सर्वांना प्रिय आहे. तीपेक्षा मला त्या सभेतील दुसरा तपशील अधिक मोलाचा वाटतो : त्या दिवशी दोन गिरणीकामगार स्त्रियाही व्यासपीठावर बोलल्या. त्या काय बोलल्या हे जपून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

गिरणीत स्त्रिया किती होत्या? १९२० च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत दीड लाखाच्या आसपास कामगार होते आणि त्यांतील साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. मागावर त्या नसत. त्यांची खाती ठरलेली होती : वायंडिंग आणि रीळिंग, म्हणजे कातलेले सूत बॉबिनवर वा लडीत गुंडाळणे, काही जणी कचरा कापूस निवडण्यावर. काम बहुधा उक्ते, म्हणजे जितके सूत गुंडाळाल तितके पैसे. वर नायकीण असे. पुरुषांच्या खात्यात जॉबर जे करी तेच ही बाई स्त्रियांच्या खात्यात करी : कामावर घेणे, काढणे, दस्तुरी घेणे. उक्त्या कामात रजेचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण न येणाऱ्या बाईला पैसे द्यावे लागत नाहीत आणि तिची जागा दुसरीने भरली की हिशेब मिटला.

आपल्याकडे बाळंतपणाची विश्रांती नवीन नव्हती. सव्वा महिना बाळंतिणीने खोलीबाहेर पाऊल टाकू नये, शेक-शेगडी घ्यावी, डिंक-अळिवाचे लाडू खावेत, पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हे सर्व जातींच्या घरांत कमीअधिक प्रमाणात पाळले जाई. गंमत अशी, की आंतरराष्ट्रीय परिषदांनी पुढे प्रसूतीनंतरचे जे सहा आठवडे ठरवले, त्यांपासून आपला सव्वा महिना फार दूर नाही. फरक एवढाच, की आपली रजा बिनपगारी होती. ज्या घरात बाईच्या कमाईवाचून चूल पेटत होती त्या घरात ती पाळली जात असे. ज्या घरात चूल तिच्याच कमाईवर पेटत होती तेथे ती मोडली जाई. गिरणगावात दुसऱ्या प्रकारची घरे पुष्कळ होती.

त्याची किंमत काय होती, हे सांगणारे आकडे वाचताना हात थबकतो. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर १००० जन्मांमागे ६०० च्या वर अर्भके वर्षाच्या आत दगावली. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हेच प्रमाण ८०० च्याही पलीकडे होते. हा आकडा धाग्यांतून नेहमी फिरतो, म्हणून इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. पुष्कळ कामगार स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात नाही तर घाटावर जात. मुलाचा जन्म गावी होई, म्हणजे मुंबईच्या जन्मनोंदीत तो येत नसे. ती मूल घेऊन परत आली आणि ते चाळीत दगावले, तर मृत्यू मात्र मुंबईच्या वहीत पडे. छेद लहान आणि अंश मोठा. त्यामुळे खरे प्रमाण या आकड्यापेक्षा कमी असणार. कमी म्हणजे किती, याचे उत्तर त्या वह्या देऊ शकत नाहीत; पण कितीही सवलत दिली तरी जे उरते ते भयंकरच आहे.

या परिस्थितीचा छडा लावण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरची नेमणूक केली. त्या गिरण्यांत फिरल्या, चाळींत फिरल्या, आणि त्यांचा अहवाल १९२२ साली 'लेबर गॅझेट'मध्ये छापला गेला. अहवालातील जी बाब पुढे सर्वत्र उद्धृत झाली ती अफूची. गिरणीत जाणाऱ्या आया आपल्या तान्ह्या मुलांना अफू देत, आणि असे करणाऱ्या थोड्या नव्हत्या, जवळजवळ सर्वच होत्या. बाळगोळी या नावाने ती गोळी मिळे. गोळी दिली की मूल दिवसभर निपचित पडे. आई पाळीवर जाऊ शकत असे.

यावर "अडाणी आया" असा शेरा मारून पुढे जाणारे तेव्हाही होते आणि ते वाचून मान डोलावणारे आजही आहेत. दहा तासांची पाळी, घरात सांभाळायला कोणी नाही, गिरणीत मूल नेण्यास जागा नाही, आणि खाडा केला तर जागा जाते : या चार भिंतींच्या आत उभ्या असलेल्या बाईने निवडलेला तो मार्ग होता. ती अफू तिला स्वस्त पडत होती म्हणून नव्हे, तर दुसरे काहीच परवडत नव्हते म्हणून दिली जाई.

मधल्या काळात जगात एक घडामोड झाली होती. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद १९१९ साली वॉशिंग्टनला भरली आणि तिने प्रसूतिसंरक्षणाचा करार संमत केला. प्रसूतीनंतर सहा आठवडे कामावर घेण्यास बंदी. प्रसूतीपूर्वी सहा आठवडे रजेचा हक्क. कामावर परतल्यावर मुलाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम : या काळातील निर्वाहाचा पैसा सरकारी तिजोरीतून किंवा विम्याच्या योजनेतून यावा. मालकाने आपल्या खिशातून द्यावा, असे तो करार म्हणत नाही. हे कलम लक्षात ठेवा. पुढील शंभर वर्षांचा वाद याच एका ओळीभोवती फिरतो.

त्या परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते नारायण मल्हार जोशी. १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणारे आणि १९२० साली आयटकच्या स्थापनेत अग्रभागी असणारे ना. म. जोशी. (लोअर परळचा मार्ग त्यांच्या नावाचा आहे. तेथील कार्यालयांत आता हजारो मुली काम करतात. त्यांपैकी कितींना हे नाव ठाऊक असेल, कोण जाणे.) हिंदुस्थान सरकारने कराराला मान्यता दिली नाही. बायका बाळंतपणाला गावी जातात, दाखले द्यायला स्त्री डॉक्टर नाहीत, समाज अजून तयार नाही, ही त्यामागची नेहमीची कारणे. जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात कारखाने, खाणी आणि चहामळे यांतील स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचे विधेयक आणले. १९२५ मध्ये ते फेटाळले गेले. शालेय पाठ्यपुस्तकांत या विधेयकाला एक ओळही मिळत नाही. जे विधेयक पडते त्याला इतिहासात जागा मिळत नाही, ही आपली जुनी खोड.

याच काळात काही मोजक्या मालकांनी स्वेच्छेने पावले टाकली. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात १९२० पासून भरपगारी रजा होती, आणि १९२८ पासून प्रसूतिलाभही. मुंबईतही काही थोड्या गिरण्यांत अशी सोय होती. पण मालकाच्या इच्छेवर मिळते ती सवलत. हक्क म्हणजे जे मालक बदलला तरी राहते ते.

आता येऊ १९२८ कडे. हे वर्ष गिरणगावाच्या स्मृतीत कोरलेले आहे, पण प्रसूतिरजेसाठी नव्हे. एप्रिल ते ऑक्टोबर असे जवळजवळ सहा महिने मुंबईच्या गिरण्या संपाने बंद होत्या. कमी माणसांकडून अधिक यंत्रे चालवून घेण्याच्या नव्या पद्धतीने, म्हणजे तेव्हाच्या भाषेत रॅशनलायझेशनने, कामगार हवालदिल झाले होते. लाल बावट्याचा गिरणी कामगार युनियन याच संपातून उभा राहिला. या पार्श्वभूमीवर, धुराडी थंड असताना, मुंबई कायदेकौन्सिलमध्ये आर. एस. आसवले या सभासदांनी प्रसूतिलाभाचे विधेयक मांडले. मुंबईतील ते विधेयक त्यांचे. चित्रातील ओळीला पहिली दुरुस्ती ही.

२८ जुलै १९२८ रोजी डॉ. आंबेडकर या विधेयकाच्या समर्थनार्थ उभे राहिले. तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते, कौन्सिलमध्ये सरकारनियुक्त सभासद होते, आणि राहात होते परळला, पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत, म्हणजे गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात. त्यांची स्वतःची चार मुले लहानपणीच गेली होती. धाकटा राजरत्न दोनच वर्षांपूर्वी, जुलै महिन्यातच. भाषणात या कशाचाही उल्लेख नाही. नसलेले दुवे जोडण्याचा मोह इतिहासाच्या विद्यार्थ्याने टाळावा. मी फक्त तारखा शेजारी ठेवल्या आहेत.

भाषण छोटे आहे आणि वकिली आहे. त्याचा सांगाडा असा : मातेला प्रसूतीपूर्वी आणि नंतर विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, आणि विधेयक याच तत्त्वावर उभे आहे. तसे असेल तर या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावयास हवा, कारण लोकांचे कल्याण हे प्रथमतः सरकारचे काम. इतर देशांत सरकार तो भार उचलते. हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. आणि मग पुढची पायरी : सरकारने उचलायला हवा, म्हणून मालक सुटतो असे नाही. जो मालक स्त्रीला कामावर ठेवतो तो तिच्या श्रमातून लाभ घेतो. म्हणून या काळातील भाराचा वाटा त्याने उचलणे न्याय्य आहे.

माझ्या मते या भाषणाचे महत्त्व त्यातील कबुलीत आहे. विधेयकाच्या बाजूने बोलणारा माणूस विधेयकातील सर्वांत कच्चा दुवा स्वतःच दाखवतो : पैसा एकट्या मालकावर टाकला आहे, आणि ही आदर्श व्यवस्था नव्हे. तरीही तो मत देतो, कारण आदर्श व्यवस्थेची वाट पाहात बसायला वायंडिंग खात्यातील बाईजवळ नऊ महिन्यांपेक्षा अधिक वेळ नसतो. हे शेवटचे वाक्य माझे आहे, त्यांच्या तोंडी घालू नका.

विधेयक संमत झाले. मुंबई प्रसूतिलाभ कायदा, १९२९ चा सातवा, १ जुलै १९२९ पासून अंमलात आला. योगायोग असा, की तेव्हाही गिरण्यांत सार्वत्रिक संप चालू होता. कारखान्यातील स्त्रियांना प्रसूतिलाभ देणारा हा हिंदुस्थानातील पहिला कायदा. आरंभी तो सबंध प्रांतालाही लागू नव्हता. मुंबई, अहमदाबाद, सोलापूर यांसारख्या औद्योगिक ठिकाणांपुरताच होता. सहा महिने त्याच मालकाकडे काम केलेल्या स्त्रीला प्रसूतीपूर्वी तीन आणि नंतर चार असे सात आठवडे, दिवसाला आठ आणे. प्रसूतीनंतरच्या चार आठवड्यांत तिला कामावर घेण्यास मनाई.

हिशेब करून पाहू. सात आठवड्यांचे एकूणएक दिवस धरले तरी एकोणपन्नास, गुणिले आठ आणे, भागिले सोळा. साडेचोवीस रुपये. याहून अधिक मिळणे शक्य नव्हते. आठ आणे ही वायंडिंगवालीच्या रोजच्या सरासरी कमाईपेक्षाही कमीच रक्कम होती. परंतु त्या रकमेबरोबर दुसरी एक गोष्ट प्रथमच कागदावर आली : बाळंतपणासाठी घरी बसलेली बाई काम सोडून गेलेली नाही, ती रजेवर आहे.

यानंतर काय झाले, हे चित्रांत येत नाही.

मालकांनीही हिशेब केला. जी बाई बाळंत होऊ शकते ती आता महाग होती. जी होऊ शकत नाही ती पूर्वीइतकीच स्वस्त. मग काही ठिकाणी पोट दिसू लागताच बाईला काढून टाकण्याची रीत पडली, आणि कामावर घेताना अविवाहित मुली, विधवा किंवा मूल होण्याचे वय ओलांडलेल्या बायका यांना पसंती मिळू लागली. हा कामगार पुढाऱ्यांचा प्रचार नाही; दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारनेच नेमलेल्या रेगे समितीने अशा युक्त्यांची नोंद केली आहे. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचा हिस्सा पुढील काही दशकांत सतत घटत गेला.

इथे घाई करू नये. "कायद्यामुळे बायकांच्या नोकऱ्या गेल्या" हे वाक्य फार सोयीचे आहे, आणि आजही ते दर सुधारणेच्या वेळी बाहेर काढले जाते. घट होण्यामागे इतर कारणे भक्कम होती. वायंडिंग आणि रीळिंगच्या खात्यांतच नवी यंत्रे आली आणि माणसे कमी झाली. रात्रपाळी वाढली, आणि स्त्रियांना रात्री काम करण्यास कायद्याने बंदी होती. दोन-तीन पाळ्यांत फिरवता न येणारा कामगार मालकाला नकोसा झाला. संघटनांनीही पुरुषाला 'कुटुंबाचा पोशिंदा' मानून मागण्या आखल्या आणि स्त्रियांच्या कपातीवर फारसा आवाज उठवला नाही. राधा कुमार यांनी १९१९ ते १९३९ या काळातील मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांवर लिहिलेला अभ्यासपूर्ण लेख या गुंतागुंतीसाठी वाचावा. प्रसूतिकायदा हा त्या कपातीचा एक धागा होता. संपूर्ण वस्त्र नव्हे. पण धागा होता, हेही नाकारता येत नाही. वॉशिंग्टन कराराची ती ओळ आठवा : पैसा तिजोरीतून किंवा विम्यातून यावा. आपण ती ओळ गाळून बाकीचा करार घेतला.

मुंबईमागोमाग मध्य प्रांताने १९३० मध्ये, आणि पुढील पंधरा वर्षांत मद्रास, संयुक्त प्रांत, बंगाल, आसाम यांनी असे कायदे केले. खाणींसाठी केंद्राचा कायदा १९४१ मध्ये आला. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ मध्ये खाणींच्या प्रसूतिकायद्याची दुरुस्ती त्यांनी मांडली, आणि १९४५ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन प्रौढ कामगाराला वर्षाकाठी सलग दहा दिवसांची भरपगारी सुट्टी मिळाली. तेव्हा चित्रातील ती ओळ पूर्ण खोटी नाही. मात्र १९२८ मधील समर्थक आणि १९४० च्या दशकातील मंत्री अशा दोन वेगळ्या भूमिका तिने एकत्र कालवल्या आहेत, आणि त्या कालवणात जोशी व आसवले दिसेनासे झाले.

विम्याची वाट अखेर १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने उघडली. मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीतून निधी, आणि त्यातून प्रसूतिलाभ. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. या निधीत बसणाऱ्या बाईच्या बाळंतपणाचा भार तिच्या एकट्या मालकावर पडत नाही. निधीत न बसणाऱ्यांसाठी १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा झाला : बारा आठवडे, भरपगारी, पण पुन्हा मालकाच्या खिशातून. या कायद्याच्या अखेरीस रद्द होणाऱ्या जुन्या कायद्यांची यादी आहे, तीत दिल्लीचे नाव वाचून मी चकित झाले. १९२९ चा मुंबईचा कायदा मधल्या काळात दिल्लीलाही लागू करण्यात आला होता. परळ-लालबागसाठी केलेला कायदा राजधानीतील कारखाने वापरत होते.

पुढचा प्रवास न्यायालयांतून गेला, आणि त्यातील एक खटला मला फार आवडतो, कारण तो थेट लोखंड्यांपाशी पोहोचतो. तमिळनाडूतील एका मळ्यावरील कामगार स्त्री १९६७ च्या डिसेंबरात बाळंत झाली. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. मळ्याने पैसे दिले ७२ दिवसांचे. युक्तिवाद असा, की मधले बारा रविवार हे सुट्टीचे. त्या दिवशी ती कामावर असती तरी मजुरी मिळाली नसती, मग बाळंतपणात का मिळावी? बारा दिवसांच्या मजुरीसाठी हा वाद कोइमतूरच्या कामगार न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७७ मध्ये निकाल लागला : आठवडा म्हणजे सात दिवस, रविवारसह. १८९० मध्ये कामगाराने भांडून मिळवलेला रविवार नव्वद वर्षांच्या आतच त्याच्या विरुद्ध वजाबाकी म्हणून वापरला जात होता.

१९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी संपवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. होय, १९६१ च्या कायद्यानंतर वीस वर्षे असा नियम एका सरकारी कंपनीत सुखाने नांदत होता. २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील, म्हणजे रोजंदारीवरील, स्त्रियांनाही हा लाभ मिळाला पाहिजे असे न्यायालयाने सांगितले. रस्ते खोदणाऱ्या त्या बायकांच्या बाबतीत महापालिकेचे म्हणणे होते, की त्या कायम नाहीत.

२०१७ च्या दुरुस्तीने बारांचे सव्वीस आठवडे झाले. दोन मुले असलेल्या स्त्रीला मात्र बाराच. पन्नासहून कमी माणसे नसलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले. जगातील दीर्घ रजांत आपली गणना होऊ लागली. आणि सव्वीस आठवड्यांचा पगार देतो कोण? विमा निधीच्या बाहेर असलेल्या बाईसाठी, मालकच. वडिलांच्या रजेविषयी या कायद्यात एक शब्द नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून पंधरा दिवस मिळतात, खासगी नोकरीत जे मिळेल ते कंपनीच्या मर्जीने. म्हणजे १९२८ च्या कबुलीतील कच्चा दुवा तिथेच आहे, फक्त त्यावरचे वजन वाढले आहे. मुलाखतीत "लग्नाचा विचार काय?" असे विचारले जाते तेव्हा त्या प्रश्नामागे हाच हिशेब असतो. मलाही तो दोनदा विचारला गेला आहे. मी काय उत्तर दिले हे सांगण्यासारखे नाही.

शेवटी एक घरची नोंद, कारण हा विषय मी निवडला तो तीमुळेच.

माझी पणजी लालबागच्या एका गिरणीत वायंडिंग खात्यात होती. माझी आजी पोटात असताना तिने सातव्या महिन्यापर्यंत नऊवारीचा पदर पुढे ओढून, कंबरेला जास्तीचा वेढा घेऊन पोट लपवले. नायकिणीला कळले तर पाळी जाईल ही भीती. मग बोटीने गावी गेली. दोन-अडीच महिन्यांनी परतली तेव्हा तिची जागा दुसरीला दिली होती, आणि तिला बदली म्हणून रोज दारावर उभे राहावे लागले. ही गोष्ट १९४१ सालची. कायदा होऊन बारा वर्षे झाली होती. आठ आण्यांविषयी तिला कोणी सांगितले नव्हते, की सांगूनही मागण्याची हिंमत झाली नाही, हे आजीला ठाऊक नाही.

आजीचा जन्म संगमेश्वर तालुक्यातला. मुंबईच्या जन्मनोंदीत तिचे नाव नाही. तीन महिन्यांची असताना ती चाळीत आली, आणि तिलाही बाळगोळी मिळत असे, असे तीच हसत सांगते.